कबुतराच्या पायाला इंटरनेट: १९९० चा एप्रिल फूल, जो २००१ मध्ये खरंच चालला

स्पीड टेस्टमध्ये २०० एमबीपीएस दिसतात, तरी बीजीएमआय खेळताना लॅग येतोच. असं का होतं, हे एका जुन्या विनोदातून फार छान कळतं.

फोन आणि सर्व्हर एकमेकांशी कसे बोलतील, याचे नियम ज्या कागदपत्रांत असतात त्यांना आरएफसी म्हणतात. वाचायला कमालीची रुक्ष. पण या मालिकेत १ एप्रिलला अधूनमधून थट्टेचे आरएफसीही निघतात. १ एप्रिल १९९० चा आरएफसी ११४९ हा त्यातलाच. डेव्हिड वेट्झमन या इंजिनिअरने जेमतेम दोन पानांत, अजिबात न हसता, कबुतरांवरून इंटरनेट कसं चालवायचं ते लिहिलं. डेटाचं पॅकेट कागदाच्या पट्टीवर छापा, पट्टी कबुतराच्या पायाला गुंडाळून टेप लावा, कबूतर सोडा. पलीकडे पट्टी काढून स्कॅन करा. या सेवेत उशीर जास्त आणि वेग कमी असेल, हेही त्याने लिहून ठेवलं.

२८ एप्रिल २००१ ला नॉर्वेतल्या बर्गेन लिनक्स युजर ग्रुपने हे खरंच करून पाहिलं. (आपल्याकडे ओडिशा पोलिसांची कबूतर-टपाल सेवा तेव्हा चालूच होती, ती २००२ मध्ये बंद झाली.) सुमारे ५ किलोमीटर अंतर आणि नेहमीची पिंग कमांड. ९ पॅकेट पाठवली, ४ ची उत्तरं आली, म्हणजे ५५ टक्के पॅकेट लॉस. सगळ्यात लवकर आलेलं उत्तर ५३ मिनिटांनी, सगळ्यात उशिराचं पावणेदोन तासांनी. हसू येतं, पण नियमांनुसार ते इंटरनेटच होतं.

पण चाललंच कसं?

कारण आयपी, म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉल, पॅकेट कशावरून चाललंय हे विचारतच नाही. तांब्याची तार, फायबर, वायफाय, ४जी, काहीही चालतं. पॅकेट हरवलं, उशिरा आलं, मागचं पुढे आलं, तरी आयपीची तक्रार नसते. हरवलेलं पुन्हा मागवायचं काम वरच्या थरातला टीसीपी करतो. तुम्ही लोकलमध्ये वायफायवरून मोबाइल डेटावर येता आणि चॅट चालूच राहतं, त्याच्या मुळाशी हीच रचना आहे. वेट्झमनने आयपीचे नियम काटेकोर पाळून थट्टा केली, म्हणून ती चालली. नियम मोडून केली असती तर एप्रिल फूलच राहिली असती.

एका बाबतीत मात्र त्याचा अंदाज चुकला: कमी वेग. सप्टेंबर २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका कंपनीने, ब्रॉडबँडच्या संथपणाला वैतागून, विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला ४ जीबीचं मेमरी कार्ड बांधलं. सुमारे ८० किलोमीटर तो १ तास ८ मिनिटांत उडाला. कार्डमधला डेटा कॉपी करण्यासकट सगळं मिळून २ तास ७ मिनिटं लागली. तेवढ्या वेळात एडीएसएल लाइनवरून फक्त ४ टक्के डेटा गेला होता!

आज विन्स्टनच्या पायाला १ टीबीचं मायक्रोएसडी बांधलं तर? तेवढंच उडून नुसत्या प्रवासाचा वेग निघतो जवळपास २ जीबीपीएस. कार्ड भरायला आणि रिकामं करायला, सेकंदाला १०० एमबी धरून, प्रत्येकी पावणेतीन तास लागतात. तेही मोजले तरी वेग ३३० एमबीपीएसच्या आसपास राहतो. तुमच्या प्लॅनपेक्षा जास्तच असेल बहुतेक.

पण या कबुतरावर गेम खेळून बघा. बटण दाबल्यावर कबूतर सर्व्हरकडे जाणार, दुसरं उत्तर घेऊन येणार. पिंग सव्वादोन तास.

एका वेळात किती डेटा जातो ती बँडविड्थ, आणि एक निरोप जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ती लेटन्सी, म्हणजेच पिंग. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीत फक्त पहिली मोठ्या अक्षरात असते. यूट्यूब पुढचा व्हिडिओ आधीच साठवून ठेवतं, त्याला बँडविड्थ पुरते. गेम आणि व्हिडिओ कॉलला पिंग कमी लागतो. तेव्हा २०० चा प्लॅन ३०० चा केल्याने लॅग जाईलच असं नाही. आधी स्पीड टेस्टमध्ये पिंगचा आकडा बघा, राउटरजवळ बसून ५ गिगाहर्ट्झ वायफायवर खेळा, आणि गेममध्ये जवळचा सर्व्हर निवडा.

आणि कबुतराची आयडिया मोठ्या कंपन्यांनीही गंभीरपणे वापरली आहे. २०१६ मध्ये अॅमेझॉनने स्नोमोबाइल नावाचा ४५ फुटी कंटेनर ट्रकवर चढवून दाखवला. एका फेरीत १०० पेटाबाइट. पिंग विचारू नका.