वेगळे दिसणारे मूल आणि आपली बालकथा

शाळेत नव्याने आलेल्या मुलास पहिल्या आठवड्यात दोन नावे मिळतात. एक मास्तर हजेरीपुस्तकात लिहितात. दुसरे मुले ठेवतात. ढापण्या, जाड्या, बुटक्या, चकण्या, काळ्या ही नामावळी कोणत्याही पिढीस शिकवावी लागलेली नाही. आंधळे, बोबडे, बहिरट, थोटे, टकले ही आडनावे आम्ही कचेरीच्या कागदांवर नित्य वाचतो, आणि त्यांच्यामागे कोणा पूर्वजाच्या देहाची थट्टा दडलेली असावी, हे आमच्या मनातही येत नाही.

बदलीच्या नोकरीतील आम्हां लोकांस हा विषय परका नाही. मारतहळ्ळी हे नाव ऐकून त्यात मराठ्यांचा काही संबंध असावा, असे इकडे येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसास पहिले चार दिवस वाटते. पाचव्या दिवशी मूल शाळेतून परतते आणि आपण येथे परके आहोत हे त्याच्या चेहऱ्यावर वाचावे लागते. बदलीमुळे मुलांचे शिक्षण तुटू नये म्हणून केंद्रीय विद्यालयांची योजना आखली गेली आणि १९६३ साली ती प्रत्यक्षात आली. अभ्यासक्रम सर्वत्र एक झाला, ही सोय लहान नव्हे. पण वर्ण, उंची, चष्म्याची जाड काच, बोलण्यातला हेल यांस एकच अभ्यासक्रम कसा असणार? अशा मुलाच्या हाती कोणती गोष्ट द्यावी, या विचाराने आम्ही आपल्या कथाभांडारात थोडे मागे जाऊन पाहिले.

फार मागे गेले तर अष्टावक्र भेटतो. जनकाच्या सभेतील पंडित त्यास हसले, ही कथा लोकांच्या तोंडी आहे. परंतु महाभारताच्या वनपर्वातील प्रसंग आम्हांस अधिक जिव्हारी लागणारा वाटतो. आठ ठिकाणी वाकलेला हा बारा वर्षांचा मुलगा आजोबांच्या, उद्दालकांच्या, मांडीवर बसला आहे. त्यांनाच तो आपला पिता समजतो. त्याच्याच वयाचा मामा श्वेतकेतू त्याचा हात धरून त्यास खाली ओढतो आणि ही तुझ्या बापाची मांडी नव्हे, असे सुनावतो. मुले कशी बोलतात हे व्यासांस पुरते ठाऊक होते. मौज अशी, की पुढे जनकाच्या यज्ञास जाताना अष्टावक्राबरोबर हाच श्वेतकेतू चालत जातो. त्या दोघांत मधल्या काळात काय घडले, ते महाभारत सांगत नाही. आमच्या मते बालकथा तेथेच होती आणि ती लिहावयाची राहून गेली. अखेरीस वादात बंदीस जिंकून आलेल्या मुलास पिता समंगा नदीत स्नान करावयास सांगतो, आणि त्याचे सर्व अंग सरळ होते.

हे समंगेचे स्नान पुढे अनेक वेषांत आले. डेन्मार्कच्या हान्स अँडरसनची कुरूप बदकपिल्लाची कथा १८४३ साली प्रसिद्ध झाली. मराठी घरांत ती ग. दि. माडगूळकरांच्या गीतामुळे पोचली. ते गीत ‘सुखाचे सोबती’ या १९५८ च्या चित्रपटातील. ते ऐकून ज्याचे डोळे ओलावले नाहीत असे मूल विरळा. तथापि कथेचा हिशेब एकदा नीट तपासावा. पिल्लू सुखी होते, कारण ते मुळात राजहंस निघते. तळ्यातील बदके शेवटपर्यंत जशीच्या तशी राहतात; त्यांस कोणी काही शिकवीत नाही. जे पिल्लू खरोखरच कुरूप बदक असेल आणि मोठेपणीही बदकच राहील, त्याने काय करावे?

साने गुरुजींकडे आम्ही मोठ्या आशेने वळलो. अमळनेरच्या शाळेत आणि छात्रालयात त्यांनी मुलांवर आईची माया केली. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ग्रंथरूपाने ती १९३५ साली आली. तीत दापोलीस शिकणारा श्याम केस वाढवून घरी येतो, वडील रागावतात, आणि केसांत कसला आला धर्म, असे तो आईस विचारतो. आई त्याची समजूत घालते ती मोह सोडण्याची. गुरुजींविषयी पूर्ण आदर ठेवूनही आम्हांस येथे श्यामची बाजू घ्यावीशी वाटते. चारचौघांसारखे दिसावे ही मुलाची इच्छा प्रत्येक वेळी चैनीचीच असते असे नाही. पुष्कळदा ती भीतीची असते.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे या भीतीवर धावून मात करतो. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला हा किडकिडीत बनेश मुलांस आपलासा वाटला यात नवल नाही. पण प्रत्येक किडकिडीत मुलास चोर पकडता येत नाहीत.

आम्ही शोधीत होतो ते पुस्तक मात्र मराठी नव्हे, जपानी निघाले. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ १९८१ साली प्रसिद्ध झाले. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी ते मराठीत आणले. टोकियोतील तोमोए ही शाळा कोबायाशी या मुख्याध्यापकांनी १९३७ साली सुरू केली आणि १९४५ च्या बाँबहल्ल्यात ती जळून गेली. तिचे वर्ग रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरत. पोलिओ झालेला यासुआकी तेथे होता. त्यास तोत्तोचान शिडी लावून, ओढून, घामाघूम होऊन आपल्या झाडावर चढविते. आणि ज्याची वाढ खुंटली होती तो ताकाहाशी होता.

या ताकाहाशीसाठी कोबायाशींनी काय केले? त्यांनी वर्गास उपदेश केला नाही. क्रीडादिनाचे खेळच असे आखले, की आखूड पायांची अडचण होऊ नये. कापडी माशाच्या पोटातून सरपटत जावयाचे. सभागृहाच्या ठेंगण्या पायऱ्या एकेक करूनच चढावयाच्या. लांब टांगांची मुले पायऱ्यांवर अडखळली आणि ताकाहाशी सर्वांच्या पुढे गेला. एक नव्हे, सगळ्या शर्यती त्याने जिंकल्या. समंगेत कोणी उतरले नाही. पायऱ्यांनी काम केले. बक्षिसे होती मुळा, पालक अशा भाज्यांची. त्या हातात धरून घरी जावयास मुले लाजली, तेव्हा मुख्याध्यापकांनी त्यांस सांगितले, की हे अन्न तुम्ही स्वतः मिळविलेले आहे, आज घरी हेच शिजवा.

मारतहळ्ळीतील मराठी बिऱ्हाडांतून हे पुस्तक गेली दोन वर्षे फिरते आहे. त्याची शिवण सुटली असून क्रीडादिनाची पाने इतर पानांहून अधिक मळली आहेत.