पावसाची वही

माझ्याकडं पत्र्याच्या पेटीत जवळपास पन्नास वह्या आहेत. वर्षाला एक. पहिली १९७६ ची. त्या साली मी दहावीला बसलो आणि गणितात गेलो. गणिताच्या वहीची निम्मी पानं कोरी राहिली होती. दादा म्हणाले, कागद वाया घालू नको, बी-बियाण्याचा हिशेब लिहीत जा. म्हणून लिहायला लागलो. पहिल्या पानावर बियाण्याचा भाव आहे. दुसऱ्यावर "मृग. वारं लई, पाऊस न्हाई" एवढंच. तिसऱ्या पानापासून हिशेब कमी आणि पाऊस जास्त. म्हणून घरात तिचं नाव पडलं पावसाची वही.

माय चुलीपुढून विचारायची, "काय लिव्हायलास रे सारखं?"

"पाऊस."

"त्यो पडून गेला की. आता लिहून परत पडणारंय व्हय?"

तेलगावातले लोकही हसायचे. आमचं गाव चौफुलीचं. एक वाट माजलगावला, एक वडवणीवरून बीडला, एक सिरसाळ्यावरून परळीला आणि एक घाट चढून धारूरला. चहाच्या टपरीवर चारी दिशांची माणसं बसतात. त्यांत कुणाच्या खिशात वही दिसली की ते त्याला सावकाराचा माणूस समजतात किंवा मुकादम. दसरा झाला की ऊसतोडीला जाणाऱ्यांची उचल अशाच वहीत लिहिलेली असती. त्यामुळं माझ्या वहीला पहिली दहा वर्षं कुणी चांगली नजर दिली नाही.

तसं बघितलं तर आमच्या भागात लिहिण्याचं काम नवं नाही. घाटावर अंबाजोगाईला सर्वज्ञ दासोपंत होऊन गेले, सोळाव्या-सतराव्या शतकात. त्यांनी कागद पुरेना म्हणून की काय, पासोडीवर लिहिलं. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाड कापड. चाळीस फुटांच्या आसपास लांब, आणि त्यावर पंचीकरणाचा सगळा विषय ओव्या, चित्रं, कोष्टकं काढून मांडलेला. रोज ढब्बू पैशाची शाई त्यांना लागायची असं लोक सांगतात. मी ती कथा पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला देह आणि पंचमहाभूतं यांतलं काही कळलं नाही, पण रोज अमुक शाई संपवायची हे मात्र कळलं. हे आमच्या पेरणीसारखं आहे. आज एवढं रान झालंच पाहिजे.

पण दासोपंतांच्या पासोडीत आमच्यासारख्यांच्या घरातला दिवस असायचं कारण नव्हतं. तो विषयच निराळा. आमचा दिवस कागदावर आला तो सरकारच्या हातानं. निजामाच्या राज्यात दफ्तर उर्दूत. आजही आम्ही खासरा म्हणतो, फसली सन म्हणतो, ते तिथलंच. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान गेलं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. दफ्तर मराठी झालं. पण कागदाला हवं होतं तेच राहिलं : सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार, कब्जेदार. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीच्या वेळेला सगळ्या मराठवाड्यात जुन्या नोंदी शोधायचं काम निघालं. मोडी वाचणाऱ्याला आणि उर्दू वाचणाऱ्याला एकदम भाव आला. गावोगाव लोक पणज्याचं नाव शोधत हिंडले. मीही बघितले काही कागद, दुसऱ्यांच्या बरोबर जाऊन. पुरुषांची नावं होती. सारा किती, बाकी किती, ते होतं. मला एकाही कागदात कुणाची आजी भेटली नाही. असतील कुठं वारसाला लागलेल्या विधवा, पण मी बघितलेल्यांत नव्हत्या.

माझ्या मायचं नाव कागदावर लिहिलेलं मी पहिल्यांदा बघितलं ते दुष्काळात. १९७२ चा तो. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. शाळेतून घरी येऊन उपयोग नव्हता, घरी कुणी नसायचंच, सगळे कामावर. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी, तिचा कायदा पुढं १९७७ ला झाला, पण हातांना काम दुष्काळातच मिळालं. खडी फोडायची, रस्त्यावर मुरूम टाकायचा, बांध घालायचे. खायला सुकडी, आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो. त्याची भाकरी थापताना तुटायची. माय त्याला शिव्या द्यायची आणि थापायची.

मस्टर लिहिणाऱ्या माणसाचं अक्षर चांगलं होतं पण त्याचा हात दुखायचा. म्हणून तो माझ्याकडून नावं वाचून घ्यायचा, कधी लिहूनही. मायची पाळी आली. "नाव काय बाई?" तिनं स्वतःचं सांगितलं. "पुढं?" माय गप्प. मराठवाड्यात बाईच्या नावापुढं "भ्र." लिहितात, म्हणजे भ्रतार, आणि त्याच्यापुढं नवऱ्याचं नाव. ते नाव ती उच्चारायची नाही. मागं रांग थांबली. शेवटी मीच दादांचं नाव सांगितलं आणि मीच लिहिलं. तिनं शाईच्या पॅडवर अंगठा दाबला, कागदावर उमटवला आणि मग बराच वेळ लुगड्याला पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर तिनं मस्टर ओवीत घातलं.

हे मला पक्कं आठवतं. मी गोधडीत होतो, जात्याची घरघर चालू होती आणि तिच्यात मस्टर हा शब्द आला. मला हसू आलं. मस्टरला तिनं कशाचं यमक जुळवलं होतं ते मात्र आठवत नाही. त्या ओवीत लेकाचाही उल्लेख होता, लेकानं नाव लिहिलं असा काहीतरी. पण शब्द गेले. दादांचं नाव रांगेत न घेणारी बाई जात्यावर ते घेत होती का, तेही सांगता येत नाही.

चार वर्षांनी माझ्या हातात वही आली. जातं तेव्हाही चालू होतं. पिठाची गिरणी होती, पण रोज गिरणीला पैसे कोण देणार? म्हणजे पहाटे ओव्या, आणि सकाळी मी वही उघडून काय लिहिलं, तर "जोंधळा दळला, दोन पायल्या." बघा आता. दळलेलं लिहिलं आणि गायलेलं सोडलं. गाणं हे बायकांचं काम, ते काय लिहायचं, असं माझ्या डोक्यात होतं. शाळेत बहिणाबाईंची कविता शिकवली होती. त्या लिहू-वाचू शकत नव्हत्या, सोपानदेव आणि पितांबर या दोघांनी टिपून ठेवलं म्हणून ते वाचलं, आणि त्या गेल्यावर १९५२ ला पुस्तक झालं, हेही गुरुजींनी सांगितलं होतं. परीक्षेत मी ते लिहिलं सुद्धा. घरी येऊन कान उघडले नाहीत.

वहीचा उपयोग झालाच नाही असं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पानावर माझं वाक्य आहे : "पहाटे चारच्या सुमारास फळीवरची भांडी वाजली. मायनं मांजर म्हणून हाकललं. म्हैस उठून उभी." आदल्या दिवशी गणपती बोळवले होते, झोप जड होती. सकाळी रेडिओवर किल्लारी कळलं. हजारो माणसं गेली होती, आणि माझ्या वहीत मांजर. ते वाक्य मी खोडलं नाही. नंतर कधी ते वाचलं की ती पहाट त्या टीव्हीवरच्या चित्रांपेक्षा मला जास्त कळते. आम्हाला कळायच्या आधीचा तो थोडा वेळ त्या पानात तसाच राहिलाय. तसंच माजलगावचं धरण. सिंदफणेवर १९८७ ला ते झालं हे कुठंही वाचायला मिळतं. पण पाटाचं पाणी पहिल्यांदा आलं तेव्हा आमची म्हातारी शेळी ते प्यायला तयार नव्हती, हे फक्त माझ्याकडं आहे.

माय २००४ ला गेली. त्याच्या आधी बारा-पंधरा वर्षं जातं बंदच होतं. ते न्हाणीजवळ पालथं पडलं, त्यावर बादली ठेवायचो.

मध्ये नातीनं मोबाइलवर एक आवाज लावला. म्हणाली, "आबा, ही माजलगावची बाई आहे." गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी आणि त्यांच्या साथीदारांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या. प्वातवाँ मूळचे फ्रान्सचे, पुण्यात राहिलेले. १९९६ साली त्यांची माणसं माजलगावच्या भीमनगरातही आली होती, बाबासाहेबांवरच्या ओव्या घ्यायला. माजलगाव आमच्यापासून बसनं फार तर अर्धा तास. १९९६ ची वही काढून बघितली. कापूस, तूर, एका बैलाचं आजारपण. मी त्या उन्हाळ्यात बाजाराला माजलगावला तीनदा गेलोय. तेव्हा माय घरात होती, गळा चांगला होता, आणि तिला विचारायचं मला सुचलं नाही. परदेशातल्या माणसाला सुचलं. ह्याचा राग मला कुणावर काढता येत नाही.

मग मी मावशीकडं गेलो, वडवणीजवळ. ऐंशी पार केलेली. वही पुढं धरली, म्हणलं, मावशी, माय मस्टरची एक ओवी म्हणायची, आठवती का? ती म्हणाली, "आसं बसून न्हाई येत. जातं पाहिजे." महिनाभरानं मी तिला जीपमधून आणली. न्हाणीजवळचं जातं पोरांनी उचललं, धुतलं. खुंटा कुजला होता, लिंबाचा नवा ठोकला. टाकी लावून किती वर्षं झाली होती देव जाणे, दगड गुळगुळीत. जातं रिकामं फिरवत नाहीत, म्हणून सुनेनं मूठभर जोंधळा आणला.

मावशीनं दोन फेरे घेतले आणि सुरू झाली. पहिली विठ्ठलाची. दुसरी भावाची. मी लिहीत होतो, पण तिचा हात माझ्या हातापेक्षा जलद. दोनदा म्हणलं, थांब जरा. थांबली की ओवी तुटायची, परत पहिल्यापासून. शेवटी नात म्हणाली, आबा, तुम्ही लिहू नका, मी मोबाइलमध्ये घेते. अकरा ओव्या निघाल्या. मस्टरची नव्हती. मावशी म्हणाली, ती तुझ्या मायची सोताची आसंल, तिनं मला न्हाई दिली.

जोंधळा भरडाच निघाला, कोंबड्यांना टाकला. अकरा ओव्या मी रात्री मोबाइलवर ऐकून वहीत उतरल्या, त्यातल्या दोन शब्दांवर अजून अडलोय. मावशीला विचारायचेत. पुढच्या गुरुवारी तिला परत आणायची आहे, तोवर जात्याला टाकी लावणारा कुणी मिळतो का बघतोय. आमच्याकडं तो माणूस आता राहिला नाही, सिरसाळ्याकडं एक आहे म्हणतात.