दुसरी प्रत कोणी काढायची? स्टोरेज रेप्लिकेशनच्या वादाचा इतिहास

संगणकाच्या डिस्कवर लिहिलेल्या माहितीची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी सतत आणि आपोआप तयार होत राहणे याला माहिती-तंत्रज्ञानाच्या व्यवहारात रेप्लिकेशन म्हणतात. हे काम स्टोरेज अ‍ॅरेने, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बसवलेल्या आणि स्वतःचा नियंत्रक असलेल्या कपाटवजा यंत्राने करावे, की त्या यंत्राचा वापर करणाऱ्या सर्व्हरवरील सॉफ्टवेअरने, हा वाद गेली सुमारे तीस वर्षे बँकांच्या आणि शेअर बाजारांच्या संगणक विभागांत चालू आहे. त्याला ‘हार्डवेअर विरुद्ध सॉफ्टवेअर’ असे नाव रूढ झाले असले तरी ते फसवे आहे, कारण अ‍ॅरेचा नियंत्रकही अखेर आज्ञावलीच चालवत असतो. प्रत काढणाऱ्याला आपण कशाची प्रत काढत आहोत हे कितपत ठाऊक असते आणि दोन ठिकाणांमधला दुवा तुटला तर काम चालू ठेवायचे की थांबवायचे हे कोण ठरवते, या दोन प्रश्नांभोवतीच हा सारा इतिहास फिरतो.

1990 पूर्वी दूरवर प्रत ठेवण्याचा रूढ मार्ग चुंबकीय टेपचा होता. रात्री टेपवर नक्कल उतरवायची, सकाळी ती गाडीत घालून दुसऱ्या इमारतीत न्यायची आणि संकट आलेच तर भाड्याच्या तयार संगणक केंद्रात ती पुन्हा चढवायची, असा तो शिरस्ता होता. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे 1978 साली सुरू झालेले आणि पुढे सनगार्ड या नावाने प्रसिद्धीस आलेले केंद्र अशा पहिल्या व्यावसायिक केंद्रांपैकी होते. या पद्धतीत शेवटच्या टेपनंतरचे सारे व्यवहार बुडत. एकाच यंत्रात दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिण्याची सोय टँडेम कंपनीच्या 1976 पासून विकल्या जाऊ लागलेल्या संगणकांत होती, परंतु तिचा उपयोग डिस्क बिघडली तरच होई, इमारत जळाली तर नव्हे. मेनफ्रेम संगणकाला डिस्क जोडणाऱ्या जाड तांब्याच्या केबलींची मर्यादाच सुमारे 400 फूट होती, त्यामुळे दुसऱ्या गावी जिवंत प्रत ठेवण्याचा विचार त्या काळी यंत्ररचनेतच बसत नव्हता.

ही अडचण दोन गोष्टींनी दूर केली. आयबीएमने 1990 साली एस्कॉन ही काचतंतूवर चालणारी जोडणी आणली, आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील ईएमसी या कंपनीने मोशे यनाई यांच्या नेतृत्वाखाली घडवलेला सिमेट्रिक्स हा अ‍ॅरे बाजारात आला, ज्यात महागड्या मोठ्या डिस्कऐवजी लहान स्वस्त डिस्कचा समूह आणि पुढे मोठी स्मृती अशी रचना होती. 1994 साली ईएमसीने त्यावर एसआरडीएफ ही सुविधा दिली, जिच्यात एका अ‍ॅरेवर पडणारे प्रत्येक लेखन सर्व्हरला पत्ताही न लागता दुसऱ्या अ‍ॅरेवर उमटत असे. सर्व्हरला पत्ता न लागणे हेच तिचे खरे भांडवल होते. मेनफ्रेमची गणनशक्ती अतिशय महाग होती आणि तिच्यावरील सॉफ्टवेअरचे भाडेही बहुधा यंत्राच्या क्षमतेवर आकारले जाई, त्यामुळे प्रत काढण्याचे ओझे अ‍ॅरेवर ढकलणे हा हिशेबाने सरळ फायद्याचा व्यवहार ठरला. शिवाय वेगवेगळ्या प्रणाली वापरणाऱ्या संस्थेला सर्वांसाठी एकच यंत्रणा पुरे.

आयबीएमचे उत्तर मात्र दुपेडी होते, आणि या वादाच्या अभ्यासकाने त्याकडे विशेष लक्ष द्यावे. दशकाच्या मध्यास या कंपनीने पीपीआरसी आणि एक्सआरसी अशा दोन पद्धती जवळजवळ एकाच वेळी पुढे आणल्या. पहिलीत नियंत्रक स्वतः दुसऱ्या नियंत्रकाकडे लेखन पाठवी आणि तिकडून पोच आल्यावरच सर्व्हरला ‘झाले’ असे कळवी. याला समकालिक पद्धत म्हणतात आणि तिच्यात माहितीचा कणही हरवू नये अशी अपेक्षा असते. दुसरीत सर्व्हर पोचेसाठी थांबत नसे. मेनफ्रेमवर चालणारा एक कार्यक्रम लेखने गोळा करून, त्यांवरील कालमुद्रांच्या क्रमाने लावून, मागाहून दूरच्या डिस्कवर उतरवी. ही असमकालिक आणि अर्धी सॉफ्टवेअर पद्धत होती. जो वाद पुढे दोन छावण्यांचा म्हणून रंगला, तो अशा रीतीने आरंभी एकाच कंपनीच्या पोटात नांदत होता.

दोन पद्धती लागण्याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे 100 किलोमीटर जाऊन परत येण्यास एक मिलिसेकंद लागतो. अ‍ॅरे वापरत असलेल्या शिष्टाचारात, म्हणजे प्रोटोकॉलमध्ये, एका लेखनासाठी अशा दोन फेऱ्या होत असतील तर हा वेळ दुप्पट होतो. समकालिक प्रत त्यामुळे शहराच्या किंवा फार तर लगतच्या परिसराच्या टापूतच परवडते. अंतर वाढले की असमकालिक पद्धतीला पर्याय उरत नाही आणि काही क्षणांची माहिती गमावण्याची तयारी ठेवावी लागते. किती माहिती गमावणे चालेल याच्या मापाला आरपीओ आणि काम किती वेळात पुन्हा सुरू व्हावे याच्या मापाला आरटीओ म्हणतात.

अ‍ॅरेची उणीव त्याच्या अज्ञानात होती. त्याला दिसतात ते केवळ ठोकळे, म्हणजे ठरावीक मापाचे माहितीचे तुकडे. त्यांतला कोणता तुकडा खातेवहीचा आणि कोणता व्यवहाराच्या नोंदीचा हे त्याला कळत नाही. डेटाबेस आधी नोंदवहीत आणि मग मूळ तक्त्यात लिहितो, पण हे दोन भाग वेगवेगळ्या अ‍ॅरेंवर असतील आणि आग हळूहळू पसरत असेल, तर दूरच्या प्रतीत तक्ता बदललेला आणि नोंद गायब अशी अशक्य स्थिती उमटू शकते. यासाठी संबंधित डिस्क एकाच क्षणी गोठवणारे ‘सुसंगती गट’ शोधावे लागले. याहून वाईट गोष्ट अशी की सॉफ्टवेअरच्या दोषाने बिघडलेला ठोकळाही अ‍ॅरे तितक्याच निष्ठेने पलीकडे पोचवतो. डेटाबेसने स्वतःच्या व्यवहार-नोंदी पाठवून दुसऱ्या ठिकाणी त्या नव्याने लागू करण्याची पद्धत, जिला ओरॅकलने 2001 च्या सुमारास डेटा गार्ड हे नाव दिले, याच जागी सरस ठरते, कारण पाठवलेली नोंद पलीकडे तपासून मगच लागू होते. मात्र तिला फक्त स्वतःचा डेटाबेस कळतो. बाजूच्या फाइलींची व्यवस्था निराळी करावी लागते.

11 सप्टेंबर 2001 च्या अमेरिकेतील हल्ल्यांनंतर प्रश्न अंतराचा झाला. अमेरिकी नियामकांच्या 2002 मधील मसुद्यात 200 ते 300 मैल अंतराची चर्चा होती, पण एप्रिल 2003 च्या अंतिम निवेदनात ठरावीक अंतर घातले गेले नाही, कारण एवढ्या लांब समकालिक प्रत चालत नाही हे वित्तसंस्थांनी दाखवून दिले होते. त्याच दशकात सॉफ्टवेअरचे पारडे जड होऊ लागले. प्रोसेसर स्वस्त झाले आणि दोन्ही टोकांना एकाच कंपनीचे महागडे अ‍ॅरे घेण्याची सक्ती ग्राहकांना जाचू लागली. व्हिएन्नात फिलिप राइसनर यांनी सुरू केलेले डीआरबीडी हे सर्व्हरवरून प्रत काढणारे सॉफ्टवेअर 2010 मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाले, आणि 2011 मध्ये व्हीएमवेअरने आभासी यंत्रांची प्रत अ‍ॅरेवर विसंबून न राहता काढण्याची सोय दिली. गूगलने तर 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या फाइल प्रणालीत साध्या डिस्कवर तीन प्रती ठेवून अ‍ॅरेलाच फाटा दिला होता.

मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमधील घटना या वादाला भारतीय संदर्भ देते. शेअर बाजारांची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या नियमांनुसार त्यांना दूरच्या आपत्ती केंद्राबरोबरच, माहिती मुळीच बुडू नये म्हणून, जवळचे केंद्रही ठेवावे लागते. एक्स्चेंजचे दूरचे केंद्र चेन्नईत, तर मुख्य केंद्र वांद्रे-कुर्ला संकुलात आणि जवळचे कुर्ल्यात होते. 24 फेब्रुवारी 2021 रोजी सकाळी 11.40 ला व्यवहार थांबले आणि दुपारी 3.45 ला पुन्हा सुरू होऊन संध्याकाळी 5 पर्यंत चालले. एक्स्चेंजच्या खुलाशानुसार मुख्य आणि जवळच्या केंद्रांना जोडणाऱ्या दोन दूरसंचार कंपन्यांच्या तारा प्रामुख्याने रस्त्यालगतच्या खोदकाम-बांधकामाने अस्थिर झाल्या. वास्तविक त्या तुटल्या तरी मुख्य केंद्राचे स्टोरेज चालू राहणे अभिप्रेत होते, पण तेच सर्व्हरना मिळेनासे झाले आणि जोखीम-व्यवस्थापनाची यंत्रणा बंद पडली. माहितीच्या रक्षणासाठी उभारलेली समकालिक जोडच कामकाज थांबण्यास कारण झाली, हे या प्रसंगाचे वैशिष्ट्य होय. दुवा तुटल्यावर काय करायचे याचा निर्णय यंत्रणेच्या अंतर्गत मांडणीत दडलेला असणे, मग ती अ‍ॅरेची असो वा सॉफ्टवेअरची, हा धोका खरेदीच्या तुलनापत्रकात क्वचितच दिसतो.

पुढच्याच महिन्यात सेबीने परिपत्रक काढून महत्त्वाची प्रणाली ठप्प झाल्यापासून 30 मिनिटांत आपत्ती जाहीर करण्याचे, त्यानंतर 45 मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करण्याचे आणि आरपीओ 15 मिनिटांचा राखण्याचे बंधन घातले. प्रत अ‍ॅरेने काढावी की सर्व्हरने, ही निवड मात्र संस्थांकडेच राहिली.