हिरव्या दिव्याचा मागोवा

पेन्सिल्व्हेनियातल्या हॅरिटन हायस्कूलच्या मुलांना तो दिवा आधीच दिसला होता. शाळेने दिलेल्या मॅकबुकच्या पडद्याच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याशेजारी, एक हिरवा ठिपका असतो. कॅमेरा सुरू झाला की तो पेटतो. कोणी कॅमेऱ्याला हातही लावलेला नसताना तो मधूनच क्षणभर पेटायचा आणि विझायचा. मुलांनी विचारले, तर यंत्रातला बिघाड असेल असे उत्तर मिळाले. मुले पुन्हा अभ्यासाला लागली. दिवा मात्र खरे सांगत होता.

ही 2009 ची गोष्ट. फिलाडेल्फियाला लागून असलेल्या लोअर मेरियन या सधन उपनगरातल्या शालेय मंडळाने आपल्या दोन्ही हायस्कुलांतल्या सुमारे 2,300 मुलांना लॅपटॉप दिले होते. शाळेत वापरायला आणि घरीही न्यायला. दप्तराबरोबर शाळेचा डोळाही घरी येतो आहे, हे ना मुलांना ठाऊक होते ना आईवडिलांना. पुढे खटला उभा राहिला, जगभर बातम्या झाल्या. मला त्या बातम्यांपेक्षा तो दिवा जास्त छळतो. मुलांवर लक्ष ठेवणे शाळेला नवे नाही. पण लक्ष ठेवणारा मुलाला दिसतो की नाही, यावर सगळे अवलंबून असते, आणि तो दिसेनासा कसा होत गेला याचा माग काढावासा वाटला.

माग आपल्याच वर्गातून सुरू होतो. मी सातवीत मॉनिटर होते. बाई ऑफिसात गेल्या की खडू घेऊन फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावे लिहायची. पुन्हा बोलला की नावापुढे फुली. फळा सगळ्यांसमोर असायचा. ज्याचे नाव लागले तो माझ्याशी भांडायचा, गयावया करायचा, कधी मधल्या सुट्टीतली चिंच देऊ करायचा. व्हरांड्यात बाईंच्या चपला वाजायच्या आत मी कितीदा तरी डस्टर फिरवला आहे. माझी सत्ता होती, पण तिला चेहरा होता आणि शाळा सुटली की ती संपत होती.

मॉनिटर या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ सावध करणारा, सूचना देणारा. तो शाळेत रुजला तो मद्रासमार्गे. 1789 मध्ये अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री मद्रासच्या लष्करी अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. एका मलबारी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना त्याने पाहिली. आपल्या पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी याच कुळातली. ही रीत त्याने आपल्या शाळेत आणायची ठरवली, पण हाताखालच्या मास्तरांनी दाद दिली नाही. मग त्याने एका आठ वर्षांच्या मुलालाच लहानांना शिकवायला बसवले, आणि ते जमले. 1797 मध्ये लंडनला छापलेल्या पुस्तिकेत त्याने हा प्रयोग मांडला. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टरने लंडनमध्ये अशाच शाळा काढल्या. एका मास्तरावर शेकडो मुले, आणि मधे मॉनिटरांची उतरंड. लँकेस्टर छडीच्या विरोधात होता; तरी मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवणे, टोपलीत बसवून छताला टांगणे असल्या शिक्षा त्याच्याकडे होत्या. 1820 च्या दशकात ही पद्धत मुंबई इलाख्यातल्या शाळांत आणण्याचे प्रयत्न झाले. आपल्या वर्गातला मॉनिटर त्याच वंशातला.

बेल मद्रासला असतानाच इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथमचे एक पुस्तक निघाले होते. बेंथमचा भाऊ सॅम्युएल रशियात पोटेमकिन या बड्या सरदाराच्या जहागिरीवर कामाला होता. कामगारांवर मधोमध बसून नजर ठेवता येईल अशी गोल इमारत ही मूळ कल्पना त्याची. 1787 मध्ये तिथूनच जेरेमीने त्या इमारतीवर पत्रे लिहिली आणि 1791 मध्ये ती ‘पॅनॉप्टिकॉन’ या नावाने छापली. मधल्या मनोऱ्यातला पहारेकरी सगळ्यांना पाहतो, पण तो या क्षणी पाहतो आहे की नाही हे कोणालाच कळत नाही. तुरुंगाचा आराखडा म्हणून सगळे त्याला ओळखतात. त्यातले एकविसावे पत्र मात्र शाळांवर आहे, आणि ते फार थोडे लोक वाचतात. अशा शाळेत खेळणे, बडबड, नक्कल सगळे थांबेल, असे तो उत्साहाने लिहितो. मग तोच थबकतो. सतत नजरेखाली वाढलेले मूल माणसासारखे दिसणारे यंत्र तर होणार नाही ना, हा प्रश्न त्याने स्वतःच त्या पत्रात उभा केला आहे. दोन शतकांपूर्वी ज्याने ही कल्पना मांडली त्यालाही मुलांच्या बाबतीत जीव चरचरला होता, हे मला विसरता येत नाही.

पुढची जवळजवळ दोनशे वर्षे मी भराभर ओलांडते, कारण त्या काळात नजर वर्गाच्या चार भिंतींतच राहिली. भिंत ओलांडली ती लॅपटॉपने. 1990 मध्ये मेलबर्नच्या मेथडिस्ट लेडीज कॉलेजमध्ये मुलींच्या हाती स्वतःचे लॅपटॉप आले. 2002 मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्याने सातवीच्या प्रत्येक मुलाला सरकारी खर्चाने लॅपटॉप दिला. हेतू चांगला होता: श्रीमंताच्या मुलाला घरी जे मिळते ते सगळ्यांना मिळावे.

याच दरम्यान, 2000 च्या डिसेंबरात, अमेरिकन काँग्रेसने मुलांच्या इंटरनेट संरक्षणाचा कायदा केला. इंटरनेटसाठी सरकारी सवलत घेणाऱ्या शाळेने अश्लील मजकूर अडवावा आणि मुलांच्या ऑनलाइन वावराचे ‘मॉनिटरिंग’ करावे, असे त्यात आहे. त्याच कायद्यात हेही स्पष्ट लिहिले आहे की ओळखू येईल अशा एखाद्या मुलाचा इंटरनेट-वापर टिपून ठेवण्याची सक्ती यातून निघत नाही. पहिले वाक्य शाळांनी उचलले. दुसऱ्याची आठवण फारशी कोणाला राहिली नाही.

आता हिरव्या दिव्याच्या एका सख्ख्या भावंडाची गोष्ट. 2007 मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग झाला तो आपल्या रायगड जिल्ह्यात, खैराट गावच्या एकशिक्षकी शाळेत. वीसेक मुलांना एक्सओ नावाचे हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप मिळाले. हा प्रकल्प पुढे भारतात तगला नाही, त्याची कारणे वेगळी आहेत. पण ते यंत्र बनवणाऱ्यांनी एका प्रश्नाचा जो विचार केला होता तो मला आजही आदराचा वाटतो. गरीब देशातल्या मुलाच्या हातचा लॅपटॉप चोरीला जाणार, हे त्यांनी धरूनच चालले होते. इव्हान क्रस्टिच या तरुण अभियंत्याने लिहिलेल्या सुरक्षा-आराखड्यात त्यावरचा उपाय असा होता: यंत्राने ठरावीक मुदतीने सर्व्हरकडून परवाना ताजा करून घ्यायचा, चोरीची नोंद झाली असेल तर परवाना मिळत नाही आणि यंत्र बंद पडते. चोराला नुसता डबा उरतो. त्यासाठी कोणाच्या घरात डोकावावे लागत नाही. आणि कॅमेरा व मायक्रोफोन यांचे दिवे तारेनेच जोडलेले होते. कॅमेरा चालू आणि दिवा बंद, असे कोणत्याही सॉफ्टवेअरला करता येऊ नये म्हणून. हातात आलेल्या वस्तूवर मुलाचा विश्वास बसावा, हा विचार त्या तारेत होता.

लोअर मेरियनने चोरीवर दुसरा उपाय निवडला. त्यांच्या लॅपटॉपांत लॅनरेव्ह नावाची व्यवस्था होती आणि तिच्यात चोरीचा माग काढणारी एक सोय होती. ती सुरू केली की लॅपटॉप दर पंधरा मिनिटांनी समोरच्या माणसाचे छायाचित्र आणि पडद्याचे चित्र घेऊन शाळेच्या सर्व्हरला पाठवी. 2008 च्या ऑगस्टमध्येच शाळेच्या संगणक विभागात उमेदवारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याने ईमेल करून विचारले होते की मुलांना हे सांगितलेले का नाही. काळजीचे कारण नाही, असे त्याला कळवले गेले. त्या एका ईमेलपाशी सगळे थांबवता आले असते.

थांबले नाही. शाळेच्या व्यायामशाळेतून सहा लॅपटॉप चोरीला गेले, सापडले, मुलांना परत मिळाले. पण माग काढणे बंद करायचे राहून गेले आणि चित्रे येतच राहिली. नंतरच्या चौकशीत सुमारे 58,000 चित्रे निघाली. त्यातली निम्म्याहून जास्त या सहा यंत्रांची होती. संगणक विभागातल्या एका कर्मचारी बाईंनी त्या चित्रांना टीव्हीवरच्या मालिकेची उपमा दिली होती, हे ईमेलमधून उघड झाले. एका पंधरा वर्षांच्या मुलाने लॅपटॉपच्या विम्याचे 55 डॉलर भरलेले नव्हते. तरी तो लॅपटॉप घरी नेतो म्हणून त्याच्या यंत्रावर ही सोय सुरू केली गेली. पंधरवड्यात चारशेवर चित्रे आली. काहींत तो झोपलेला होता, काहींत अंगावर पुरते कपडे नव्हते. नोव्हेंबर 2009 मध्ये उपमुख्याध्यापकांनी त्याला बोलावून घरातल्या गैरवर्तनाबद्दल विचारले आणि पुरावा म्हणून लॅपटॉपने टिपलेले चित्र पुढे आले. हातात गोळ्या होत्या, असा शाळेचा समज. घरच्यांनी सांगितले की त्या खायच्या रंगीत गोळ्या होत्या.

फेब्रुवारी 2010 मध्ये आईवडिलांनी दावा लावला. सरकारी वकिलांनी ऑगस्टमध्ये जाहीर केले की गुन्हेगारी हेतू सिद्ध होत नाही, म्हणून फौजदारी खटला नाही. ऑक्टोबरात 6,10,000 डॉलरवर तडजोड झाली. त्यातले 4,25,000 वकिलांचे. शाळेतल्या मुलांनी कॅमेऱ्यावर चिकटपट्ट्या लावल्या. तीन वर्षांनी न्यू जर्सी राज्याने कायदा केला की यंत्र देताना त्यात नोंदी घेण्याची काय सोय आहे ते मुलाला आणि पालकांना लेखी सांगावे. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले की काही जुन्या मॅकबुकांमध्ये दिवा न पेटवताही कॅमेरा चालवता येतो. खैराटच्या मुलांना मिळालेली तार त्या महागड्या यंत्रात नव्हती.

इथे गोष्ट संपेल असे तेव्हा वाटले होते. पण नजर कॅमेऱ्यातून उठून अक्षरांत जाऊन बसली. क्रोमबुक नावाचे लॅपटॉप स्वस्त होते, शाळांनी ते लाखांनी घेतले, आणि मुलांचे सगळे लिखाण शाळेच्या खात्यात साठू लागले. फेब्रुवारी 2018 मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबारात सतरा जण गेले. घाबरलेल्या पालकांना आणि मुख्याध्यापकांना काहीतरी हवे होते. गॅगल, गोगार्डियन यांसारख्या कंपन्यांची सॉफ्टवेअरे मुलांच्या ईमेलांत, निबंधांत, शोधांत हिंसा, आत्महत्या, अमली पदार्थ यांचे शब्द हुडकतात आणि शाळेला इशारा देतात. यातून एखाद्या मुलाचा जीव वाचला, असे सांगणारे समुपदेशक आहेत. त्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही. पण 2023 पर्यंत गॅगलच्या यादीत ‘गे’ आणि ‘लेस्बियन’ हे शब्दही होते. आईवडिलांना जे सांगायची हिंमत झालेली नाही ते शाळेने त्यांना सांगितले, तर त्या मुलाने रात्री जायचे कुठे?

2021 मध्ये सेंटर फॉर डेमोक्रसी अँड टेक्नॉलॉजीने केलेल्या पाहणीत पाचांपैकी चार शिक्षकांनी आपल्या शाळेत अशी देखरेख असल्याचे सांगितले. आणि निम्म्याहून जास्त मुलांनी सांगितले की कोणीतरी पाहते आहे म्हणून आम्ही मनातले खरे लिहीत नाही. बेंथमच्या एकविसाव्या पत्रातल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे, आणि ते मुलांनीच दिले आहे.

2025 मध्ये असोसिएटेड प्रेस आणि सिॲटल टाइम्सच्या पत्रकारांनी वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हरच्या शाळांकडे माहितीच्या अधिकारात या देखरेखीच्या नोंदी मागितल्या. नावे झाकायची राहिली, आणि मुलांच्या सुमारे 3,500 लिखाणांची चित्रे त्यांच्या हाती आली. पत्ता माहीत असलेल्या कोणालाही ती पासवर्डशिवाय उघडता येत होती. त्यांत कविता होत्या, निबंध होते, एआयशी केलेल्या उदास गप्पा होत्या. धूळपाटीवरचे अक्षर तळहात फिरवला की धुळीत मिळून जायचे. ही अक्षरे मुलांनी पुसली असती तरी त्यांची चित्रे दुसरीकडे शाबूत होती.

आपल्याकडेही शाळेची यंत्रे घरात आली आहेत. मुंबई महापालिकेने आठवीच्या मुलांना 2015 पासून टॅब दिले. 2023 च्या व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमाने अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई केली आहे. वाचून बरे वाटते. मग नोव्हेंबर 2025 मध्ये आलेल्या नियमांची चौथी अनुसूची उघडावी. शिक्षणसंस्थांना या मनाईतून सूट आहे, दोन कारणांसाठी: शैक्षणिक काम आणि मुलांची सुरक्षितता. लोअर मेरियनमधली ती सोयही सुरक्षिततेसाठीच होती, लॅपटॉपच्या. टॅब घेताना पालक ज्या कागदावर सही करतात, तो घरी आणून मुलाशेजारी बसून वाचावा, आणि याचा दिवा कुठे आहे ते शाळेला विचारावे. पेटलेला दिसला तर बिघाड असेल, हे उत्तर मात्र घेऊ नये.