चाकणच्या बाजारात न मोजलेलं दूध

राजगुरुनगरहून नाशिकच्या दिशेने निघालं की मंचर, नारायणगाव, आळेफाटा मागे टाकत रस्ता संगमनेरला पोचतो. या पट्ट्यातल्या शेळीला त्याच गावाचं नाव आहे. संगमनेरी बहुतेक पांढरी असते, काहींवर तांबूस वा काळे पट्टे. बांधा मध्यम, शिंगं मागे वळलेली. काळी उस्मानाबादी मराठवाड्याची, पण जुळ्या करडांच्या लौकिकावर ती राज्यभर पोचली.

चाकणला दर शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. शेळीचा भाव ठरतो दातांवर, वजनावर, गाभण आहे का आणि जुळी देते का यावर. दुधातल्या प्रथिनाला तिथे भाव नाही. घरात चहापुरतं दूध, बाकीचं करडांचं, असाच रिवाज.

या रिवाजाने जाती घडवल्या. बोकड राखला जायचा तो अंगापिंडाने भरलेला, टणक, जुळ्यांतला. युरोपात मात्र शेळी डेअरीची झाली आणि निवड लिटरवर होऊ लागली.

शेळीच्या दुधाला विरजण धरतं ते केसिन या प्रथिनामुळे. त्याचे प्रकार चार, आणि चारही जनुकं सहाव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी. त्यांतलं अल्फा-एस-१ सर्वांत बदलतं. फ्रान्स्वा ग्रोक्लोद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये दाखवलं की या प्रथिनाचं दुधातलं प्रमाण शेळीला वारशाने मिळालेल्या जनुकाच्या रूपावर ठरतं. ‘ए’ रूपाची एक प्रत लिटरमागे सुमारे 3.6 ग्रॅम प्रथिन देते, ‘ई’ 1.6, तर ‘एफ’ जेमतेम 0.6. ‘एफ’मध्ये जनुकातलं एकच अक्षर गळालेलं असतं, तेवढ्याने 199 दुव्यांच्या प्रथिनातले 37 दुवे नाहीसे होतात.

फ्रान्सच्या अल्पाइन आणि सानेन शेळ्यांत ‘ई’ आणि ‘एफ’चाच भरणा निघाला. चीज करणाऱ्यांसाठी हा तोटाच, म्हणून पुढे तिथे बोकड निवडताना जनुक तपासलं जाऊ लागलं. आपल्याकडे जमनापारीसारख्या जातींत ‘ए’ आणि ‘बी’ ही भरघोस रूपं मुबलक सापडली. ज्या देशी शेळीला कमी दुधाची म्हणून हिणवलं, तिच्या दुधाचा कस वरचढ ठरला! बादलीत किती पडलं एवढ्यावर जात जोखणं किती अपुरं आहे, ते इथे कळतं.

पण सुधारणेच्या काळात नजर बाहेरच होती. 1970 च्या दशकात कर्नालला बीटल शेळ्यांचा अल्पाइन-सानेनशी संकर झाला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात संगमनेरीला अंगोरा बोकड दाखवले गेले, तेही मोहेर लोकरीसाठी. आज त्याच राहुरीत शुद्ध संगमनेरीच्या संवर्धनाचं काम चालतं. हा बदल मोलाचा आहे.

जनुक पाहून नर निवडणं महाराष्ट्राला नवं नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचं जुळं देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणलं आणि तपासणीच्या आधारे ‘नारी सुवर्णा’ घडवली. दुधाच्या बाबतीत अशा तपासणीची गरज अधिकच आहे, कारण बोकडाची कास पाहायची सोय नाही. त्याच्या लेकी दुधात येईपर्यंत दीड-दोन वर्षं जातात आणि तोवर तो बहुधा खाटकाकडे गेलेला असतो. रक्ताच्या थेंबावरून करडू असतानाच त्याच्या अंगातलं रूप कळतं.