नोंदवहीचे माप

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेचे नाव निघाले की 27 किलोमीटरांचा बोगदा डोळ्यांसमोर येतो. त्या यंत्राच्या इतिहासातला एक साधा गुणाकार येथे सांगायचा आहे.

बोगद्यात प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला सुमारे 4 कोटी वेळा समोरासमोर येतात. ते सगळे साठवणे अशक्य. म्हणून अ‍ॅटलास प्रयोगाने 2005 च्या संगणन आराखड्यात हिशेब मांडला: सेकंदाला 200 घटना ठेवायच्या, प्रत्येकीची नोंद 1.6 मेगाबाइट. वर्षाचे कामाचे सेकंद एक कोटी धरले, तर नुसती कच्ची नोंदच 32 लाख गिगाबाइट भरते.

गुणाकार शाळकरी मुलालाही जमेल. पण त्यातला 200 हा आकडा माणसांनी ठरवलेला होता. तो वाढवावा तर संगणकांचा आणि साठवणीचा खर्च वाढतो. कमी करावा तर दुर्मिळ घटना निसटते, आणि निसटलेली घटना पुन्हा तपासता येत नाही.

हा भार एकट्या सर्नला पेलणारा नव्हता. तो देशोदेशीच्या केंद्रांत स्तरवार वाटला गेला. सीएमएस या दुसऱ्या प्रयोगासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनेही त्यातला वाटा उचलला. 2012 साली अ‍ॅटलास सेकंदाला सुमारे 400 घटना नोंदवत होता. त्याच वर्षी 4 जुलैला हिग्ज कणाची घोषणा झाली.

जुनी दप्तरे चाळणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. पुढच्यांना काय वाचता येईल, हे नोंदवही आखणारा आधीच ठरवून गेलेला असतो.