बारा फुटांचं अंतर

या शनिवारचा विषय जरा हटके आहे: पिस्तुलाचा सराव. दचकू नका, मी कुठला शूटिंग क्लब वगैरे जॉइन केलेला नाही. माझी नेमबाजी जत्रेतले फुगे फोडण्यापर्यंतच. पण सरावात जे हमखास जमतं ते ऐन वेळी का जमत नाही, हा प्रश्न आमच्या धंद्यातलाही आहे. टेस्टिंगला सगळं हिरवंगार आणि लाइव्ह गेल्यावर बोंब, हे कुणा आयटीवाल्याला वेगळं सांगायला नको! या प्रश्नाला पिस्तुलाच्या बाबतीत सुमारे शंभर वर्षांपूर्वी शांघायमध्ये कुणीतरी हात घातला. आणि त्या गोष्टीत आपल्या देशातली माणसंही आहेत.

त्या काळी शांघायच्या मधोमध 'इंटरनॅशनल सेटलमेंट' नावाची वसाहत होती. जमीन चीनची, कारभार मात्र मुख्यतः ब्रिटिश व्यापाऱ्यांच्या वर्चस्वाखालच्या म्युनिसिपल कौन्सिलचा. तिचं पोलीस दल स्वतंत्र. वरचे अधिकारी ब्रिटिश, शिपाई चिनी, आणि १८८० च्या दशकापासून खास पंजाबातून नेलेले शीख. अफू, अपहरणं, सशस्त्र दरोडे, सगळं राजरोस चालायचं. अशा या दलात १९०७ साली विल्यम फेअरबेर्न नावाचा एक माजी ब्रिटिश मरीन सैनिक दाखल झाला.

तेव्हाचा पिस्तुलाचा सराव म्हणजे कसा? बाजूला वळून ऐटीत उभं राहायचं, एक हात सरळ लांब करायचा, श्वास रोखायचा, नळीवरच्या खुणा निशाणाशी नीट जुळवायच्या आणि सावकाश एक गोळी झाडायची. निशाण स्थिर, उजेड भरपूर, घाई कसलीच नाही. मार्क मिळवायला उत्तम.

फेअरबेर्नने मात्र खऱ्या चकमकींकडे पाहिलं. त्याने आणि एरिक साइक्सने मिळून लिहिलेल्या 'शूटिंग टू लिव्ह' या १९४२ च्या पुस्तकात आकडा आहे: साधारण साडेबारा वर्षांत गुन्हेगारांशी ६६६ सशस्त्र चकमकी. म्हणजे सरासरी आठवड्याला एक! आणि या अनुभवातून निघालेला निष्कर्ष असा, की बहुतेक वेळा गोळीबार चार यार्डांच्या आतच होतो. म्हणजे बारा फूट. आपल्या वन बीएचके फ्लॅटचा हॉल असतो ना, साधारण तेवढंच. त्यात अंधार, अरुंद जिना, धावून लागलेली धाप, आणि समोरचा माणूसही गोळ्या झाडतोय. खुणा जुळवायला वेळ आहे कुणाला?

मग त्याने सरावच बदलला. सुरुवात लांबून नव्हे, अगदी जवळून. शरीर थोडं झुकलेलं, दोन्ही डोळे उघडे, मूठ घट्ट, पिस्तूल शरीराच्या मध्यरेषेवर आणि गोळ्या एकामागोमाग दोन. बोटाने एखादी वस्तू दाखवताना आपण नेम धरत नाही, तरी बोट बरोबर तिकडे जातं. त्याच उपजत सवयीवर ही सगळी पद्धत उभी होती. पुढची पायरी म्हणजे 'मिस्टरी हाउस'. माणसाला आधी पळवून दमवायचं, मग अंधाऱ्या घरात सोडायचं. पायाखाली डुगडुगणाऱ्या फळ्या, कानाशी फटाके, आणि मध्येच समोर येणारे पुतळे. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोडक्शनसारखं टेस्टिंग. दुसऱ्या महायुद्धात हेच दोघं ब्रिटिश कमांडोंना शिकवत होते.

इथवरची गोष्ट बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते आणि बहुधा इथेच संपते. मला मात्र मधली एक तारीख ओलांडून पुढे जाववत नाही: ३० मे १९२५.

त्या महिन्यात एका जपानी कापड गिरणीत गु झेंगहोंग या चिनी कामगाराला गोळी घालून मारण्यात आलं होतं. त्याच्या निषेधार्थ विद्यार्थी नानजिंग रोडवर उतरले. जमाव लौझा पोलीस चौकीवर आला, तेव्हा इन्स्पेक्टर एव्हर्सनने हुकूम दिला आणि शीख व चिनी शिपायांनी गोळ्या झाडल्या. निदान नऊ माणसं मेली. अख्ख्या चीनमध्ये संप आणि बहिष्काराची लाट उसळली. आणि हे जालियनवाला बागेनंतर अवघ्या सहा वर्षांनी! तिथे ज्या पंजाबची माणसं मेली, त्याच पंजाबची माणसं इथे दुसऱ्याच्या देशात, तिसऱ्याच्या हुकमावर बंदूक रोखून उभी होती.

फेअरबेर्नच्या नव्या पद्धतीचा सराव तोवर काही वर्षं चालू होता. पण त्या दिवशी प्रश्न गोळी नेमकी कशी लागेल हा नव्हताच. प्रश्न होता, गोळी झाडायची का? हात कितीही तयार केला तरी या प्रश्नाचं उत्तर हात देत नाही. याच घटनेनंतर शांघाय पोलिसांनी दंगलीसाठी वेगळं राखीव दल काढलं, आणि ते उभं करण्यात फेअरबेर्नच पुढे होता. त्या दलाकडे लाठ्या आणि अश्रुधूरही होता. म्हणजे सरावात 'न झाडण्याचा' धडा आला, पण माणसं मेल्यावर.

पुढची गोष्ट अमेरिकेतली. १९८३ मध्ये सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस टुलर यांनी घड्याळ लावून मोजलं. चाकू घेतलेला माणूस २१ फूट धावत यायला सुमारे दीड सेकंद घेतो, आणि पोलिसाला पिस्तूल उपसून झाडायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. सावध राहा, अंतर ठेवा, आडोसा घ्या, एवढाच त्याचा बोध. पण ऐकीव गोष्टींतून त्याचा '२१ फुटांचा नियम' झाला. त्याच्या आत चाकूवाला दिसला की गोळी झाडणं रास्तच, असा अर्थ वर्गांत आणि कोर्टात निघू लागला. मी नियम सांगितला नव्हता, हे खुद्द टुलर यांना सांगावं लागलं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या 'पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम'ने ही कल्पना टाकून द्या असं स्पष्ट सुचवलं.

थोडक्यात काय, तर सराव माणसाचा वेळ वाचवतो. दीड सेकंदाचं काम एका सेकंदात होतं. आता तो वाचलेला अर्धा सेकंद कशासाठी वापरायचा, खरी मेख तिथे आहे. गोळी लवकर झाडण्यासाठी, की समोरच्याच्या हातात खरंच काय आहे हे नीट बघण्यासाठी? शिकवणाऱ्याने हे आधी ठरवलं नसेल, तर हात आपलं आपणच ठरवून टाकतो. आणि बारा फुटांवर उभ्या असलेल्या माणसाला दुसरी संधी नसते.